उरल्या पिठाची चानकी

कुत्रा गेला त्या दिवशी ती माझ्यापेक्षा जास्त रडली, आणि मला तिचा राग आला. पदर तोंडात धरून, भिंतीला टेकून, खांदे हलवत ती रडत होती. खानावळीत जेवायला आलेली माणसं हात धुवायला मागच्या अंगणात यायची, तिला बघायची आणि हळूच विचारायची, "काय झालं हो यांना?" मला कुणी काही विचारलं नाही. मी मागच्या खोलीच्या दारात बसले होते. अकरा वर्षं तो कुत्रा माझा होता. तिचा जेमतेम सात महिने.

ती म्हणजे माझ्या जागी भाकऱ्या थापायला आलेली बाई. जवळच्या अळणावर गावची. वय तिशीच्या आसपास, हाडापेरानं मजबूत, आणि दहाच्या दहा बोटं सरळ. हे शेवटचं मी सगळ्यात आधी बघितलं होतं.

आमची खानावळ धारवाडात, सुभाष रोडच्या मागच्या गल्लीत. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, मटकीची उसळ, शेंगाचटणी. मालकिणीला सगळे अक्का म्हणतात, मीही. मी मूळची बीडकडची. दिवाळी झाली की आईबाप ऊस तोडायला निघायचे, मला बरोबर न्यायचे आणि शाळा मागं राहायची. असं तीन वर्षं झालं, मग चौथीत पाटी ठेवली ती ठेवलीच. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर ऊसतोडीलाच कर्नाटकात आले. हंगाम संपला तेव्हा त्याला अमरगोळच्या मार्केट यार्डात हमाली मिळाली. पुढच्या वर्षी गावी जाऊ म्हणत राहिलो. तो वारला तेव्हा मला कन्नड नीट बोलताही येत नव्हतं. अक्कानं जास्त चौकशी केली नाही. "तंगी, भाकरी येते ना?" एवढंच विचारलं. तंगी म्हणजे धाकटी बहीण. त्या एका शब्दावर मी अठरा वर्षं तिच्या शेगडीपुढं बसले, मागची खोली मला मिळाली, आणि अजून तिथंच आहे. रोज सकाळी जाग आल्यावर मी आधी त्या खोलीच्या छपराकडं बघते. अजून आहे, म्हणते, आणि मग उठते.

कुत्रा आला तेव्हा पिल्लू होता, तांबडा, एक कान पडलेला. शेवटचा उंडा थापून झाला की परातीला जे पीठ चिकटून राहतं ते मी खरवडून एकत्र करते आणि त्याची तळहाताएवढी भाकरी थापते. आमच्याकडं तिला चानकी म्हणतात. ती घरातल्या लहान पोराची असते. माझ्याकडं पोर नव्हतं. मी ती मागच्या पायरीवर ठेवली, त्यानं खाल्ली, आणि दुसऱ्या दिवसापासून तो माझा झाला.

मी त्याचं नाव ठेवलं नाही. गरजच पडली नाही. परातीत पहिली थाप वाजली की तो गल्लीत कुठंही असो, येऊन उंबऱ्याशी बसायचा. दीडशे-दोनशे भाकऱ्या होईपर्यंत डोळे मिटून पडायचा, आणि शेवटची थापली की कान वर. शेवटची कुठली हे त्याला कसं कळायचं, देव जाणे. मला स्वतःला कळत नसे.

मग माझे हात गेले.

आधी सकाळी बोटं उघडेनात. मग मनगटं सुजली. दवाखान्यात रक्त तपासलं, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा साधा वात नाही, आतून सांधे खाणारा आहे, गोळ्या कायमच्या. त्यातली एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. "रोज घेतलीस तर जिवावर बेतेल," असं त्यांनी दोनदा बजावलं, आणि मी घरी येईपर्यंत ते दोनशेदा ऐकलं. बुधवार ठरवला. कॅलेंडरवर बुधवारी गोळी घेतली की फुली मारते, आणि गुरुवारी उठून ती फुली खरंच मीच मारली ना, हे बघते. गोळीच्या दिवशी पोटात ढवळतं, दुपारभर पडून राहावं लागतं.

भाकरी थापणं बंद झालं. आता अक्का जा म्हणणार, असं मी धरूनच चालले. एक दिवस तिनं बोलावलं, आणि मी मनातल्या मनात पिशवी भरून गेले. ती म्हणाली, "तंगी, भाजी निवडायला बस. उभं राहू नकोस." असे उपकार सहन करणंसुद्धा अवघड असतं. मी भाजी निवडायला बसले.

आणि माझ्या पाटावर अळणावरची बसली.

पहिल्या दिवशी तिनं उंडा परातीत टाकला, थाप वाजली, आणि कुत्रा गल्लीतून पळत आला. उंबऱ्याशी थांबला. माझ्याकडं बघितलं, मी कोपऱ्यात पालक निवडत होते. तिच्याकडं बघितलं. आणि तिच्याजवळ जाऊन बसला.

"अय्या, हे कुणाचं?" ती म्हणाली.

"माझं," मी म्हणाले.

"गोड आहे हो मावशी." आणि दुपारी परात खरवडून तिनं त्याला चानकी केली. कुणी सांगितलं नव्हतं. अळणावरकडंही करत असणार.

तेव्हापासून मी जळायला लागले. दुसरा शब्द नाही. तिनं त्याला एक नाव ठेवलं, लाडाचं, कन्नड. त्या नावाला तो शेपूट हलवायला लागला. अकरा वर्षं बिननावाचा राहिलेला कुत्रा.

त्या दिवसांत मला आनंद नव्हता असं मात्र नाही. होता, पण कसा होता ते सांगायला लाज वाटते. सकाळी कोमट पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसले की मधलं बोट कळ देत देत सुटायचं, तो एक. स्टीलच्या पेल्यातला चहा, पूर्वी पदरात धरावा लागायचा, आता दोन्ही तळहातांत तसाच गरम धरला की बरं वाटायचं, तो दुसरा. आणि सगळ्यात मोठा आनंद, कुणीतरी तिच्या भाकरीला नावं ठेवणं. एक रिटायर्ड मास्तर रोज जेवायला यायचे. त्यांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, "अक्का, पूर्वीच्या भाकरीला पदर सुटायचा. ही जरा चिवट आहे री." मी आत बसून ऐकलं. तो दिवस माझा सणासारखा गेला. तिनंही ऐकलं होतं. तिची थाप थोडा वेळ मंदावली, तेही मी ऐकलं.

मग मी पेढे सुरू केले.

धारवाडात पेढा मिळायला काही कष्ट पडत नाहीत. एक कागदात बांधून आणायचा, खोलीत ठेवायचा. दुपारी तिची चानकी खाऊन कुत्रा अंगणात आला की दार अर्धं उघडायचं आणि तो पेढा दाखवायचा. तो यायचा. खायचा, माझी वाकडी बोटं चाटायचा, पाच मिनिटं पायाशी पडायचा. मग आत परात वाजली की उठायचा. मी दुसरा पेढा दाखवायचे. कधी तो थांबायचा, कधी नाही. एकदा मी त्याला जुन्या लुगड्याच्या पट्टीनं खाटेला बांधून ठेवला. ती थापत होती आणि तो दाराकडं तोंड करून बारीक आवाजात कण्हत होता. पट्टीची गाठ सोडायला माझ्या बोटांना किती वेळ लागला, काय सांगू. तेवढा वेळ तो माझ्याकडं बघत होता.

पावसाळा संपता संपता तो खाईना. पाणी मात्र सारखं प्यायचा, आणि तोंडाला वास यायला लागला. ती म्हणाली, "मावशी, याला दाखवूया." आम्ही दोघी रिक्षात बसलो. तो आडवा, डोकं माझ्या मांडीवर, मागचा भाग तिच्या. डोकं माझ्याकडं आलं याचं मला त्याही वेळी बरं वाटलं.

जनावरांच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. "कुत्रं कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं," मी म्हणाले.

"माझं," तीही म्हणाली, त्याच क्षणी.

डॉक्टरांनी एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. "बरं. खायला काय देता?"

"भाकरी," ती म्हणाली.

"गोड, तुपकट, खारट काही?"

मी भिंतीवरच्या गाईच्या चित्राकडं बघत होते. "नाही," मी म्हणाले. तीही "नाही" म्हणाली.

मूत्रपिंडं गेली आहेत, असं ते म्हणाले. वय झालंय. भाताची पेज द्या, बाकी काही देऊ नका, त्रास कमी होईल एवढं बघू. मी विचारलं, "कशानं होतं हे?" ते म्हणाले, "म्हातारपणानं, बहुतेक." त्या 'बहुतेक'मध्ये माझे सगळे पेढे होते.

नंतर बारा दिवस तो होता. गेला तो बुधवारी, दुपारी, तिच्या पाटाशेजारी. मी गोळी घेऊन खोलीत पडले होते. ती दारात आली तेव्हा तिच्या हाताला पीठ होतं, आणि ते पीठ बघून मला कळलं. शेवटीसुद्धा तो परातीच्या आवाजापाशीच गेला होता, आणि तो आवाज माझा नव्हता. खानावळीच्या अंगणात फरशी आहे, माती नाही. तिचा भाऊ मालाचा टेम्पो चालवतो. तो संध्याकाळी आला आणि दोघं कुत्र्याला पोत्यात गुंडाळून अळणावरला घेऊन गेले, त्यांच्या शेताच्या बांधाला. मला उठून टेम्पोपर्यंत जाण्याएवढंच बळ होतं. मी पोत्यावर हात ठेवला. माझी बोटं मिटत नाहीत, त्यामुळे तो हात फक्त ठेवल्यासारखाच दिसला.

म्हणजे मातीसुद्धा तिचीच.

पुढचे काही दिवस तिनं पीठ असं मोजून मळलं की परातीला काही उरूच नये. शेवटचा उंडा झाला की परात कोरडी, धुवून काढल्यासारखी. ती चानकी करत नव्हती. मला ते दिसत होतं, आणि तिनं करावी असंही वाटत नव्हतं, करू नये असंही वाटत नव्हतं.

एका दुपारी गर्दी ओसरल्यावर आम्ही दोघीच होतो. मी शेंगा फोडत होते. दाण्यांपेक्षा टरफलं जास्त पडत होती. मी म्हणाले, "मी त्याला पेढे देत होते. रोज. तू चानकी घालतेस म्हणून."

ती परात घासत होती. हात थांबले नाहीत. "ठाऊक आहे मावशी. त्याच्या मिशांना लागलेलं असायचं."

"मग डॉक्टरांपुढं बोलली का नाहीस?"

"मी काय तोंडानं बोलू? मी चानकीला लोणी लावत होते. अक्काच्या डब्यातलं." मग म्हणाली, "तो सारखा तुमच्या दाराकडं जायचा. इथं येणारा प्रत्येक माणूस तुमची भाकरी, तुमची भाकरी करतो. मला वाटलं, एक कुत्रा तरी माझा असू दे."

मी तिच्याकडं बघितलं. एवढी धडधाकट बाई, आणि ती माझ्यावर जळत होती. या हातांवर. मला हसू आलं, आणि हसताना डोळ्यांतून पाणी आलं ते मी शेंगांच्या धुळीवर घातलं.

"मेला मजा करून गेला," मी म्हणाले.

"दोन्ही घरचं खाऊन," ती म्हणाली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की सूज जरा उतरली आहे, कोमट पिठाचा गोळा रोज मळत जा, बोटं सुटतील. मी ते खानावळीत येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या परातीत पीठ उरलेलं होतं. चांगलं मूठभर. इतके दिवस मोजून मळणाऱ्या बाईचं. ती पाटावरून उठली आणि पाणी भरायला गेली.

मी बसले. गोळा केला, थापला. थाप कसली, चापट्या मारल्यासारखा आवाज. एकीकडं जाड, एकीकडं पातळ, मध्ये माझ्या बोटाचा खड्डा. तव्यावर टाकताना कडेनं दुमडली. पण फुगली. एका कोपऱ्यात, लिंबाएवढी, पण फुगली. मी उंबऱ्याकडं बघितलं, सवयीनं.

तिनं येऊन ती चानकी उचलली, शेंगाचटणी लावली आणि उभ्यानंच खाल्ली. "कडा जाड झाल्या मावशी," ती म्हणाली.

"तुझ्या पहिल्या दिवशीच्या आठवतात मला," मी म्हणाले.

आता रोज दुपारी एक चानकी मी करते. तिच्या दोनशे, माझी एक. तिची बोटं परातीत भरभर फिरताना बघितली की मी अजून जळते. ते काही जायचं नाही असं दिसतं. पण दुपारी तीनची मी सकाळपासून वाट बघते, हेही खरं. मास्तरांनी एकदा आत डोकावून विचारलं, "ती लहान कुणासाठी?" अक्का म्हणाली, "ती विकायची नाही."

गेल्या रविवारी ती गावी जाणार होती. मी शनिवारची चानकी कागदात बांधून तिच्या पिशवीत ठेवली. "बांधावर ठेव," मी म्हणाले. "आणि फक्त माझीच ठेव. तुझी ठेवू नकोस."

"बरं," ती म्हणाली.

सोमवारी ती आली, पाटावर बसली, पिठात आधण ओतलं. मी भाजीच्या टोपलीवरून विचारलं, "ठेवलीस?"

"ठेवली."

"तुझीपण ठेवलीस ना?"

ती पीठ मळत राहिली. "ठेवली."

"आधी कुठली?"

"तुमची," ती म्हणाली, वर न बघता.

खरं की खोटं, मी विचारलं नाही. मेथीची जुडी सोडली आणि निवडायला लागले.