भिंतीला हात

तलावावरच्या जीवरक्षक बाईंना सगळे शिट्टीकाकू म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. बाकीचे जीवरक्षक महिन्यातून एखाद्या वेळी शिट्टी वाजवत, काकूंची मात्र दिवसभर चालू. ओल्या फरशीवर कुणी धावलं की शिट्टी, दोरीवर कुणी लोंबकळलं की शिट्टी. गंमत म्हणून कुणी पाण्यावर पालथं पडून राहिलं, तर शिट्टी आणि वर भरपेट कानउघाडणी. पोरं त्यांच्या पाठीमागे गाल फुगवून त्यांची नक्कल करत. काकूंना ते दिसत असे, पण तिकडे बघायला त्यांना सवड नसे. त्यांचे डोळे पाण्यावर असत.

काकू भित्र्या होत्या, हे खरंच होतं. मजा अशी की पाण्याला त्या मुळीच भीत नव्हत्या. तरुणपणी उताणं पोहण्यात त्यांनी चांगलं नाव काढलं होतं. भीती वाटे ती माणसाच्या शरीराची. नोकरीला लागताना जे प्रशिक्षण झालं त्यात एका डॉक्टरांनी सांगितलं होतं की बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, हातही हलवत नाही, तो नुसता गप्प होतो. तेव्हापासून काकूंना कुठलीच शांतता सहन होत नसे. घरी न्हाणीघरातला पाण्याचा आवाज थांबला की त्या दारावर थाप मारत. भाची झोपली की तिच्या नाकासमोर तळहात धरत आणि ऊन ऊन श्वास हाताला लागला की मगच आपल्या पलंगाकडे वळत.

"आत्या, मी जिवंत आहे," भाची डोळे न उघडता म्हणायची. "हात काढ. तुझ्या हाताला कांद्याचा वास येतो."

ही भाची काकूंच्या भावाची मुलगी. भाऊ-वहिनींची नोकरी लांबच्या एका लहानशा गावात, तिथे पोहायचा तलाव नाही. पोरीला पाण्याचं वेड, म्हणून तिला आत्याकडे ठेवलेली. "तुझ्या भरवशावर सोडतोय," निघताना भाऊ सहज बोलून गेला. काकूंनी ते सहज घेतलं नाही. काकू काहीच सहज घेत नसत.

पोहण्यासाठी पोरीचं शरीर तसं बेताचंच. उंची कमी, हात आखूड. शेजारच्या लेनमधल्या लांबलचक मुली एका हातात जेवढं पाणी मागे लोटत, तेवढ्यासाठी हिला दोनदा हात मारावे लागत, आणि शर्यत अर्ध्यावर येते न येते तोच हिचे खांदे भरून येत. पण एक गोष्ट हिला जन्मतःच मिळाली होती, ती म्हणजे घोटे. पाय ताणला की पाऊल नडगीच्या रेषेत सरळ जाई, जणू मध्ये सांधाच नाही. हात डोक्यापलीकडे लांब ताणून, पंज्यावर पंजा घट्ट अडकवून, दंड कानांमागे दाबून ती पाण्याखालून निघाली की छातीपासून एक लाट उठे, पोटातून, मांड्यांतून जाई आणि पावलांच्या टोकाशी फटकारा देऊन संपे. वर पोहणारा स्वतःच लाटा उठवतो आणि त्यांच्याशीच भांडत पुढे सरकतो. जरा खाली गेलं की ती कटकट उरत नाही.

"वर तू चारचौघींसारखी आहेस," सर तिला म्हणायचे. सर म्हणजे तिचे प्रशिक्षक, बोलायला तिखट पण मनाने सरळ माणूस. "खाली मात्र तुला तोड नाही. तेवढं खालीच राहायला शीक."

शर्यतीत वळण घेतल्यावर नियमाने आखलेल्या खुणेपर्यंत पाण्याखालून जाता येतं. बहुतेक मुली त्या खुणेच्या बऱ्याच आधी वर येतात. मांड्या पेटलेल्या असतात आणि छाती श्वास मागत धडका देत असते. जिला या धडका सोसतात ती पुढे जाते. मोठ्या संघाची निवड तोंडावर आली होती आणि भाचीचं सगळं गणित या एका गोष्टीवर होतं.

पोरींच्या कपडे बदलायच्या खोलीत मात्र धडका सोसण्याऐवजी त्या येऊच न देण्याचा एक उपाय फिरत होता. त्याला त्या 'फुगा भरणं' म्हणत. पाण्यात शिरण्याआधी भराभर खोल श्वास घ्यायचे आणि टाकायचे, डोकं हलकं होईपर्यंत. मग छाती शांत राहते आणि कितीही लांब जाता येतं.

हे काकूंच्या कानावर आलं तेव्हा त्यांना प्रशिक्षणातले ते डॉक्टर आठवले, कारण त्यांनी नेमकं यावरच अख्खा तास घेतला होता. श्वास कोंडल्यावर छाती धडका देते ती मुख्यतः प्राणवायू संपला म्हणून नव्हे. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि ओरड त्याची असते. भराभर श्वास घेऊन प्राणवायूत फारशी भर पडत नाही. बाहेर फेकला जातो तो हा ओरडणारा. मग आत सगळं गुपचूप चालतं. माणूस मजेत पोहत राहतो, मेंदूला लागणारा प्राणवायू संपत जातो, आणि कसलीही सूचना न देता शुद्ध जाते. डॉक्टरांनी हे सांगताना नुसती चुटकी वाजवली होती.

सरांनाही हे ठाऊक होतं. फुगा भरताना कुणी दिसलं तर त्या दिवशी पोहणं बंद, असा त्यांचा दंडक होता. पोरी माना डोलवत आणि भिंतीकडे तोंड करून फुगा भरत.

काकूंच्या मनात पाल चुकचुकली ती घोट्यांमुळे नव्हे, खांद्यांमुळे. वेळ लावून घ्यायची एक चाचणी होती. भाची भिंतीशी पाठमोरी उभी होती आणि तिचे खांदे भात्यासारखे खालीवर होत होते. मग ती गेली. वळणानंतर खाली राहिली, अजून राहिली. काकूंनी शिट्टी फुंकली. सगळ्या लेन थांबल्या. भाची खुणेशी वर आली, लालबुंद, ठणठणीत, आणि तिने पाण्यावर मूठ आपटली. आजवरची तिची सगळ्यात चांगली वेळ होणार होती.

"खांदे बघितले मी तुझे," घरी काकू म्हणाल्या.

"घाबरले होते म्हणून श्वास घेत होते. माणसाने श्वासही घ्यायचा नाही का आता?"

"तसा नाही घ्यायचा."

"तू माझी जीवरक्षक नाहीयेस, आत्या. तू माझ्या मानगुटीवर बसलीयेस." आणि मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "परत वाजवलीस ना, तर मी बाबांकडे निघून जाईन. पोहणंच सोडेन. मग बस निवांत."

सरांनीही दुसऱ्या दिवशी त्यांना बाजूला घेतलं. "काकू, तुमचं मन कळतं मला. पण परत असं झालं तर मला वर सांगून तुम्हाला लहान मुलांच्या तलावावर पाठवावं लागेल. इथे दुसरं कुणी बसेल."

दुसरं कुणी. काकूंच्या डोळ्यांसमोर तो दुसरा कुणी लगेच उभा राहिला. खुर्चीत रेलून मोबाइल बघणारा. शिट्टी चुकीची वाजली तर इथून हकालपट्टी, आणि मग पोरीवर लक्ष कुणाचं? वाजायला हवी तेव्हा वाजली नाही तर... हे वाक्य त्या मनातसुद्धा पुरं करत नसत. इतके दिवस त्यांना एकाच गोष्टीची भीती होती, आता त्यांना शिट्टीचीही भीती वाटू लागली.

निवडीच्या आदल्या आठवड्यातली ती सकाळ. काचेच्या छताला वाफ धरली होती, क्लोरीनने डोळे चुरचुरत होते. सराव संपत आला होता. सर पलीकडच्या टोकाला दोन मुलींना वळण समजावत होते, भिंतीवर पाय कुठे टेकायचे ते फरशीवर उकिडवं बसून हाताने दाखवत होते. भाची अलीकडच्या टोकाला, काकूंच्या खुर्चीच्या जवळच.

"सर, शेवटचा एक लॅप, अख्खा खालून," तिने ओरडून सांगितलं. सरांनी मान वर न करता हात हलवला. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे.

भाचीने भिंतीकडे तोंड केलं, आणि खांदे खालीवर होऊ लागले.

काकूंनी तोंड उघडलं. तेवढ्यात भाचीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, ते परवडलं असतं. तिच्या नजरेत विनवणी होती. आज नको ना, आत्या, अशी. काकूंच्या ओठांवर आलेलं नाव तिथेच विरलं. पोरगी पाण्याखाली गेली.

आणि काय गेली म्हणून सांगू. काकूंनी उभ्या आयुष्यात इतकं सुंदर पोहणं पाहिलं नव्हतं. तळाच्या काळ्या रेषेवरून ती निघाली ती पाण्याला खरचटूही न देता. काकू खुर्चीवरून उतरून काठाने तिच्याबरोबर चालू लागल्या, शिट्टी दातांत. अर्धा तलाव मागे पडला. पोरीची लय जराही चुकली नव्हती आणि काकूंना तेच खटकत होतं, कारण चुकायला हवी होती. इथवर आल्यावर कुणाचंही शरीर कुरकुरतं, पाय घाई करतात, मान वर जायला बघते. हिचं शरीर मात्र गप्प होतं.

मग लाट मऊ पडली. थांबली नाही, फक्त पावलांच्या टोकाशी फटकारा उरला नाही. पंज्यावर अडकवलेला पंजा सुटला आणि हात हळूच अलग झाले, झोपेत सुटतात तसे. तोंडातून बुडबुड्यांचा एक पुंजका वर आला.

आता फुंकायला हवं, हे काकूंना कळलं. आणि कळूनही, जेवढ्या वेळात एक श्वास घेऊन सोडता येतो तेवढा वेळ, त्या फुंकू शकल्या नाहीत. मुद्दाम हात सोडले असतील तर? वर यायच्या बेतात असेल तर? बाबांकडे जाईल. मला इथून काढतील. हे सगळं त्या एका श्वासात मावलं.

मग शिट्टी वाजली आणि काकू कपड्यांनिशी पाण्यात होत्या. पोरीच्या काखेत हात घालून त्यांनी तिला वर आणलं. ओठ निळे पडले होते, डोळे अर्धे उघडे होते आणि त्यांत ओळख नव्हती. मान त्यांच्या खांद्यावर लुळी पडली. सर धावत आले, दोघांनी मिळून तिला फरशीवर घेतलं. काकूंनी तिची हनुवटी वर केली, नाक दाबलं आणि आपला श्वास तिच्या तोंडात भरला. छाती वर आली, खाली गेली, आणि खालीच राहिली. परत भरला. तलावभर कुठे चकार शब्द नव्हता. ज्या शांततेला त्या इतकी वर्षं भीत आल्या होत्या ती हीच, आणि ती त्यांच्या मांडीशी येऊन निजली होती. परत भरला.

भाची खोकली, पाणी ओकली, आणि घरघरत श्वास ओढला. एक मुलगी दवाखान्याची गाडी बोलवायला धावली.

बऱ्याच वेळाने पोरीच्या डोळ्यांत ओळख आली. तिने काकूंचे ओले कपडे पाहिले, गळ्यातली शिट्टी पाहिली, आणि तिचा चेहरा कसनुसा झाला.

"परत?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आत्या, परत वाजवलीस?"

"बाळा, तू बेशुद्ध होतीस," सर म्हणाले.

"काहीतरीच काय, सर. मला सगळं आठवतंय. इतकं हलकं तर मला कधीच वाटलं नव्हतं. आणि मी पोचले होते. भिंतीला हात लावला मी." तिने उजवा तळवा पुढे केला. "गार होती भिंत."

सरांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी भिंतीकडे. काकूंनी जिथून पोरीला उचललं होतं तिथून भिंत चांगली लांब होती. सर काही बोलणार तोच काकूंनी त्यांचा दंड धरला. सांगायचं होतंच, पण तिला नीट श्वास घेऊ दे आधी.

गाडीत भाचीने काकूंकडे पाठ केली. नाकातोंडावर मास्क, आणि त्यातूनही रुसवा दिसत होता.

"बाबांकडे जाणार मी," ती मास्कमधून पुटपुटली.

"जा," काकू म्हणाल्या. "मी स्वतः नेऊन सोडीन. कायमची रागाव माझ्यावर. चालेल मला."

चालणार होतं खरंच. न चालणारी गोष्ट दुसरीच होती, आणि ती सरांनाही कळली नव्हती. शिट्टीआधीचा तो एक श्वास. तो एकट्या काकूंनाच माहीत होता. पोरगी उद्या रुसवा सोडेल, परवा परत पाण्यात उतरायचं म्हणेल, आणि काकू काठावर असतील तेव्हा तो श्वासही तिथे असेल. त्यांचे दात वाजू लागले. गाडीतल्या माणसाला वाटलं थंडी भरली, त्याने त्यांच्या अंगावर पांघरूण टाकलं.

रस्त्यात भाचीचे डोळे मिटले. त्या माणसाने सांगितलं, झोपू द्या, यंत्रावर सगळं ठीक दिसतंय. काकूंनी यंत्राकडे पाहिलंही नाही. त्या वाकल्या आणि मास्कच्या कडेतून जिथे वाफ सुटत होती तिथे त्यांनी तळहात धरला.

"आत्या," भाची डोळे न उघडता म्हणाली, "हात काढ."

काकूंनी हात बोटभर मागे घेतला. त्याच्यापलीकडे तो जाईना.