हनमंते उभे राहायचे

सामना सुरू होण्याआधी तिकडे इंग्लंडच्या मैदानात बावीस खेळाडू एक गुडघा जमिनीला टेकवायचे, आणि इकडे नांदेडला माझ्या दुकानाच्या माडीवर मिलिंद हनमंते खुर्चीतून उठून उभे राहायचे. हात बाजूला, नजर टीव्हीवर. तिकडचे खेळाडू उठले की हे शांतपणे बसायचे. सगळा मिळून आठ-दहा सेकंदांचा कारभार. पण तेवढ्या वेळात माडीवरचे सगळे टीव्ही सोडून हनमंतेंकडे बघत, आणि ते मला सहन होत नसे.

आधीच सांगून टाकतो, मी या माणसावर जळत होतो. त्यांच्याबद्दल लिहिताना हे लपवलं तर बाकीचंही खोटं होईल.

माडी माझी, टीव्ही माझा. खाली माझं खेळाच्या सामानाचं दुकान. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून खेळलो होतो. या गावात क्रिकेटपलीकडे कोणी बघत नव्हतं तेव्हापासून मी फुटबॉल बघतो. शनिवारी संध्याकाळी सात-आठ जण जमायचे. त्यांत जाधव वकील आणि रफिक हे कायमचे. रफिक शाळेपासूनचा माझा दोस्त, त्याचं सोफे-गाद्यांचं दुकान. ऑफसाइड का दिला, हा नवा पोरगा कुठल्या क्लबातून आला, हे सगळे मला विचारत. करोना ओसरल्यावर एका शनिवारी रफिकच हनमंतेंना घेऊन आला.

"हे पोस्टात असतात," रफिक म्हणाला. "बावन्न वर्षाचे हैत, पण आज बी गोलकीपर खेळतात."

उंच, सावळे, हात गुडघ्यापर्यंत पोचतील इतके लांब. शर्ट नीट खोचलेला. सोबत स्टीलच्या डब्यात उकडलेल्या शेंगा. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "गाव कोणतं तुमचं?"

"मूळचे धर्माबादचे."

त्यांनी ताबडतोब धर्माबादचा पिन कोड सांगितला. टपालाची छाननी करण्यात अठ्ठावीस वर्षं गेलेली. मग काय, एकेक जण आपलं गाव सांगायला लागला. जाधव वकिलांनी सासुरवाडी सांगितली, मुरुड. तोही कोड तोंडपाठ. रफिकने आईचं गाव सांगितलं, बिलोलीजवळचं, पाच-पन्नास घरांचं. हनमंते हसले. "ते तर माझ्या गावाच्या शेजारी हाय. तिथं चिठ्ठी म्या लहानपणी पायी नेऊन दिलेली." त्या संध्याकाळी पहिला हाफ कोणी पाहिलाच नाही. गोल झाला तेव्हा ओरडणारा मी एकटा.

खेळाडू गुडघा का टेकतात, यावर आमच्याकडे आधीपासून वाद होता. काळ्या खेळाडूंना प्रेक्षकांतून शिव्या पडतात, माकडाचे आवाज काढतात, फोनवर घाण लिहून पाठवतात. त्याच्याविरुद्धची ती खूण. जाधव वकील म्हणत, "खेळायचे पैसे घेतात ना? मग खेळावं." रफिकचं म्हणणं वेगळं. "पहिल्या दिवशी अंगावर काटा आला होता यार. पण रोज रोज केलं की त्याचा सलाम होतो. हात उचलला, खाली घेतला, झालं." मी म्हणायचो की खेळात राजकारण आणू नये. असं म्हटलं की माणूस शहाणा वाटतो, म्हणून म्हणायचो.

हनमंते वाद घालत नसत. ते उभे राहत. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी मी सगळ्यांदेखत विचारलं, "हनमंते, ते खाली बसतात, तुम्ही वर उठता. तुम्ही नक्की कोणाच्या बाजूनं?"

त्यांनी शेंगेचं टरफल डब्याच्या झाकणात ठेवलं.

"माझा आजा पाटलाच्या दारापुढं गुडघ्यावर बसायचा. बसावंच लागायचं, धनी बाहेर येस्तोवर. माझा बाप छप्पनच्या साली दहा वर्षांचा व्हता. आज्यानं दीक्षा घेतली आन् घरी येऊन पोराला म्हणला, इथून पुढं कोणापुढं बसायचं न्हाई. तर शेटकार, ते गडी रोज उभे असतात, म्हणून त्यायला बसून दाखवावं लागतं. आम्ही बसलेलोच व्हतो. आम्हाला उभं राहून दाखवावं लागतं. गोष्ट एकच हाय."

रफिकने आपल्या कपातला अर्धा चहा हनमंतेंच्या रिकाम्या कपात ओतला. पस्तीस वर्षांच्या दोस्तीत अर्धा चहा माझ्या वाट्याला यायचा. आणि खरं सांगू? मला हेवा त्या चहाचाही वाटला आणि त्या आजोबांचाही. माझा आजा दुकानाच्या गादीवर बसला, बाप त्याच गादीवर बसला, मीही बसलो. आमच्या घराण्यात सांगावं असं कोणी उठलंच नव्हतं. दुसऱ्याच्या घरातल्या दुःखाचा हेवा वाटणं किती हलकं आहे हे मला तेव्हाही कळत होतं. कळून वाटायचं थांबत नाही.

पुढे एका सामन्यात मला संधी मिळाली. बाकी सगळे टेकले आणि एक काळा खेळाडू ताठ उभाच राहिला. मी खुर्चीत उडालोच. "बघा हनमंते! त्यांचाच माणूस टेकत नाही!"

हनमंते तेव्हा उभेच होते. टीव्हीकडे बघत म्हणाले, "हाव ना. त्याला बी उभंच राहायचं हाय." आणि असे काही खूश झाले, जणू भावकीतलं कोणी पडद्यावर दिसलं.

रफिक टाळ्या वाजवत उठला. पुढच्या शनिवारी तो हनमंतेंबरोबरच उभा राहिला. महिन्याभरात जाधव वकीलही उठायला लागले, म्हणाले, "पटलंय असं नाही, पण हे उभे असताना बसवत नाही." शेवटी सगळी माडी उभी आणि मधे मी, रिमोट हातात धरून, एकटा बसलेला. माझ्याच घरात.

फुटबॉलमध्ये तरी मी त्यांच्या वरचढ असेन, अशी माझी समजूत होती. तीही फार टिकली नाही. आमचा चाळिशीपुढच्यांचा एक संघ होता. कॅप्टन मी, बचावात खेळायचो. माझ्या मागे गोलात हनमंते. बावन्नाव्या वर्षी ते आडवे झेपावत आणि उठून माती झटकत. गोल झाला तर कोणाला बोलत नसत. म्हणत, "चूक कोणाची बी असंना, जाळीतून चेंडू काढायला वाकायचं काम माझं." हे वाक्य ऐकलं की मला वाटायचं, हे आपल्याला कसं सुचत नाही.

त्या हिवाळ्यात लातूरच्या एका संघाने आम्हाला मैत्रीच्या सामन्याला बोलावलं. दुपारचा सामना, मैदानाभोवती शंभरेक माणसं. दुसऱ्या हाफमध्ये एक-एक अशी बरोबरी होती. हनमंतेंनी एक अवघड चेंडू बाहेर ढकलला, आणि गोलामागे बसलेल्या घोळक्यातून एकजण त्यांच्या जातीवरून बोलला. तो शब्द मी इथे लिहिणार नाही. हळू बोलला नाही तो. चार-पाच जण हसले.

मी दहा पावलांवर होतो. रफिक पार पुढे, समोरच्या गोलापाशी.

हनमंते वळले, पण त्या माणसाकडे नाही, माझ्याकडे. "शेटकार, ऐकलं का?"

मी म्हणालो, "काय? नाही बा. काय झालं?"

भांडण नको, पाहुणे आहोत, सामना मोडेल, अशी कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळ दिली. त्या क्षणी मनात यांतलं काही नव्हतं. ज्या माणसासाठी माझी सगळी माडी उभी राहत होती, तो पहिल्यांदा एकटा पडलेला मला दिसत होता. आणि मला ते बरं वाटलं. एक क्षणभर, पण बरं वाटलं.

हनमंतेंनी माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड त्यांना वाचता आलं असणार. पत्त्यावरचं वाईट अक्षर वाचण्यात त्यांची हयात गेली होती. "बरं," एवढंच म्हणाले. हातमोजे काढले, कमरेला खोचले, सरळ त्या घोळक्यापुढे जाऊन उभे राहिले. "कोण बोललं? पुन्हा बोला. म्या उभा हाय." कोणी तोंड उघडलं नाही. ते थोडा वेळ तसेच थांबले, मग मोजे चढवून गोलात परत आले. सामना बरोबरीत सुटला. परतीच्या गाडीत ते ड्रायव्हरशेजारी बसले आणि अहमदपूर येईपर्यंत त्याच्याशी त्याच्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाबद्दल बोलत राहिले.

मला वाटलं, आता हे येणार नाहीत. पुढच्या शनिवारी ते डबा घेऊन हजर. "शेटकार, आज तुमची टीम मार खाती बघा." खेळाडूंनी गुडघा टेकला, ते उठले, सगळे उठले. मी बसून राहिलो. आता उठलो असतो तर कबुली दिल्यासारखं झालं असतं.

नंतर तिकडच्या खेळाडूंनीच ठरवलं की प्रत्येक सामन्याला नको, निवडक वेळीच टेकायचं. जाधव वकील म्हणाले, "घ्या, संपलं." हनमंते म्हणाले, "त्यायचं त्यायनं बघावं. म्या काय त्यायच्या हुकमानं उठून राहिलो व्हतो?" लातूरबद्दल मी एका शब्दानं बोललो नाही. त्यांनीही कधी विषय काढला नाही. दोन वर्षं मी दर शनिवारी त्यांच्या डब्यातल्या शेंगा खाल्ल्या.

मागच्या उन्हाळ्यात ते सकाळी कामावर असतानाच गेले. छातीत कळ आली, खुर्चीत बसले, संपलं. रफिकचा फोन आला तेव्हा कळलं.

पुण्यानुमोदनाला त्यांच्या घरी गेलो. गल्लीभर मंडप, बाहेरगावची माणसं, प्रत्येकजण सांगत होता की हनमंते आपल्याला किती जवळचे होते. तिथेही मला हेवाच वाटत होता. रफिक घरातल्यासारखा पाणी देत फिरत होता आणि मी चपलांजवळ उभा. इतक्यात निर्मलावहिनी, हनमंतेंच्या पत्नी, माझ्याकडे आल्या. त्यांनी मला हाताला धरून आत नेलं आणि आपल्या भावाला म्हणाल्या, "हेच ते शेटकारभाऊ. लातूरला ह्यांच्यासाठी कॉलर धरली व्हती त्या माणसाची."

मला काही कळेना. भावाने माझे दोन्ही हात हातात घेतले. वहिनी सांगत होत्या. लातूरच्या कॅप्टनने फोन करून माफी मागितली, तेव्हा घरात गोष्ट कळली. मुलगी संतापली, तुमच्या टीममधलं कोणीच कसं बोललं नाही, म्हणाली. तेव्हा हे म्हणाले, बोलला की. शेटकार धावत आला, कॉलरच धरली त्याची. मलाच सोडवावं लागलं.

सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी मान खाली घालून जेवलो आणि घरी आलो.

हनमंतेंचा मी इतकी वर्षं मत्सर केला असेल, पण त्या दिवशी त्यांनी रचलेल्या त्या शेटकारचा जेवढा हेवा वाटला तेवढा कोणाचाच नाही. तो धावला होता. त्याने कॉलर धरली होती. हनमंतेंच्या घरात दोन वर्षं त्याचं नाव आदराने निघत होतं, आणि मी त्याच्यासारखा फक्त दिसत होतो.

आठ दिवसांनी एका सकाळी मी पुन्हा त्या घरी गेलो. वहिनी एकट्याच होत्या. मी बसलो नाही. जे झालं ते सांगितलं. ऐकलं होतं तेही, बरं वाटलं होतं तेही.

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मंग ते खोटं बोलले व्हते."

"हो."

"दोन वर्षं मी सगळ्यायला सांगून राहिले. माझ्या बहिणीला सांगितलं. लेकीच्या सासरी सांगितलं. शेटकारभाऊ असे, शेटकारभाऊ तसे." त्यांचा आवाज चढला. "आता मी त्या लोकायला काय सांगू?"

"खरं ते सांगा, वहिनी."

"मी कामून सांगू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा. तुमचं तुम्ही सांगा."