गाडी मागे घेताना

आमच्या गल्लीत गाडी सरळ आत येते आणि उलटी बाहेर पडते. पोलादपूरच्या बाजारामागची ही गल्ली गाड्यांसाठी कोणी बांधलीच नव्हती. एका अंगाला गटार, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांची भिंत, आणि गाडी वळवायला जागा म्हणाल तर नावालाही नाही. रोज सकाळी नाते गावच्या शाळेत पोचायचं तर मला आधी दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत गाडी मागे न्यावी लागते. तिथे बाजाराचा रस्ता लागतो. शाळेची पोरं, दूधवाले, औद्योगिक वसाहतीची बस पकडायला धावणारे कामगार, सगळे नेमके त्याच वेळी तिथे उगवतात.

नवरा मुंबईला नोकरीला. शनिवारी येतो, रविवारी जातो. बाकीचा आठवडा घरात मी आणि माझे सासरे. त्यांना आम्ही आबा म्हणतो. आबा आयुष्यभर बसवर कंडक्टर होते, सगळी नोकरी खेड्यापाड्यांच्या फेऱ्यांवर गेली. त्या नोकरीतला एक नियम त्यांनी निवृत्त झाल्यावरही सोडला नाही. कंडक्टरने खाली उतरून, मागे उभं राहून शिट्टी वाजवल्याशिवाय गाडी मागे घ्यायची नाही. तुटक तुटक शिट्टी म्हणजे येऊ दे, लांब शिट्टी म्हणजे थांब. मी गाडी शिकले तेव्हापासून ते रोज सकाळी खिशातून शिट्टी काढून माझ्या गाडीमागे उभे राहायचे. "जयभीम आबा, द्या डबल बेल!" असं जाता जाता कोणीतरी चिडवायचं. आधी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पुढे त्या शिट्टीची इतकी सवय झाली, की आरशात बघायचं मी जवळजवळ सोडूनच दिलं.

गेल्या वर्षी आबा एकदम थकले. कमरेत वाकले, पाय उचलेनात. एका सकाळी लांब शिट्टी आलीच नाही आणि गाडीला मागे काहीतरी लागलं. भिंत लागली की आवाज होतो. याला आवाज नव्हता. मी ब्रेकवर उभीच राहिले. उतरून बघते तर आबा गुडघा धरून गटाराच्या कडेला बसलेले. "काय नाय गो, काय नाय झाला," असं मलाच समजावत होते. हाड वाचलं, पण त्या मुक्या धक्क्याने माझी झोप उडवली. नवऱ्याला मी फोनवर स्पष्ट सांगितलं, "एक दिवस तुझा बाप माझ्या गाडीखाली जाईल. मग मला बोलू नकोस."

पुढच्याच शनिवारी तो गाडी महाडला घेऊन गेला आणि मागे कॅमेरा बसवून आणला. रिव्हर्स गिअर टाकला की समोरच्या स्क्रीनवर मागची गल्ली दिसायची, तिच्यावर हिरव्या, पिवळ्या, लाल रेघा. लाल रेघेत काही आलं की थांबायचं. "आबा, आता तुम्ही आरामात ओट्यावर बसायचं," नवऱ्याने जाहीर केलं. आबा ओट्यावर बसले, पण गाडी सुरू झाली की त्यांचा हात खिशाकडे जायचा.

जेमतेम आठवडा गेला असेल, स्क्रीन निळी पडली. 'सिग्नल नाही.' मी गाडी बंद करून पुन्हा सुरू केली, गिअर काढून पुन्हा टाकला, स्क्रीनवर दोन चापट्याही मारल्या. काही उपयोग नाही. तेवढ्यात आबा चपला घालून मागे हजर. शिट्टी वाजू लागली. मी जीव मुठीत धरून, गोगलगायीसारखी गाडी बाहेर काढली आणि शाळा सुटल्यावर थेट महाडला, कॅमेरा बसवणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडे गेले.

त्याने फ्यूज बघितला, रिव्हर्सचा दिवा बघितला, स्क्रीनमागच्या आणि डिकीतल्या वायरी हलवल्या. कुठेतरी त्याचा हात लागला आणि चित्र आलं. मी खूश. दोन-चार दिवसांनी पुन्हा निळी स्क्रीन. या खेपेला त्याने मागच्या दरवाज्याच्या रबरातून जाणारी वायर बदलली. पुन्हा तेच. मग ओल शिरली असेल म्हणून कॅमेराच नवा टाकला. त्याच्या दुकानात चालायचा, शाळेच्या आवारात चालायचा, आणि आमच्या दारात एक रात्र काढली की मान टाकायचा. "ताई, घराकडं उंदीर हायत काय?" त्याने विचारलं. उंदीर कोणाकडे नाहीत? मी डिकीत डांबराच्या गोळ्या टाकल्या. उंदरांचं काय झालं कोण जाणे, माझ्या अंगाला मात्र महिनाभर त्या गोळ्यांचा वास येत होता आणि वर्गातली पोरं नाकं मुरडत होती. नवऱ्याचं फोनवर वेगळंच. "तू काहीतरी उलटसुलट दाबत असशील." चार वर्षं घाटात गाडी चालवणाऱ्या बाईला हे ऐकवायचं! त्या दिवशी मी फोन आपटला.

राग नवऱ्यावर कमी आणि त्या निळ्या स्क्रीनवर जास्त होता. ती निळी दिसली की आबा गाडीमागे जाणार हे ठरलेलं. सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा हाताला धरून ओट्यावर बसवलं. मी गाडीत बसेपर्यंत ते पुन्हा मागे. थंडीचे दिवस, मागची काच धुक्याने भरलेली. तिच्यातून मला फक्त त्यांची माकडटोपी दिसायची. माणूस तिथे आहे एवढंच कळायचं. बाकी सगळी भिस्त शिट्टीवर, आणि ती लांब शिट्टी एकदा चुकली होती.

शेवटी इलेक्ट्रिशियनने मला डिकीतली चटई उचलून डावीकडच्या कोपऱ्यातला वायरीचा जोड दाखवला. "बंद पडला की आधी हा दाबून बघा," म्हणाला. पुढच्या वेळी स्क्रीन निळी झाली तेव्हा संध्याकाळी घरी आल्यावर मी चटई उचलली. जोड सुटलेला होता. आणि या खेपेला सुटलेल्या टोकाला ओल लागू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा गुंडाळून, वर रबर लावून ठेवला होता. नीट, दोन वेढ्यांचा.

उंदीर रबर लावत नाहीत.

माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! महिनाभर मी महाडच्या चकरा मारतेय, नवऱ्याची बोलणी खातेय, रोज सकाळी धडधडत्या छातीने गाडी काढतेय, आणि हे म्हातारबुवा दाराजवळच्या खिळ्यावरची किल्ली घेऊन गुपचूप कॅमेरा काढून ठेवताहेत. कशासाठी? मागे उभं राहायला मिळावं म्हणून? लोकांनी 'डबल बेल' म्हणावं म्हणून? आत जाऊन चांगलं खडसवावं असं वाटलं. पण आबा स्वयंपाकघरात माझ्यासाठी चहा ठेवत होते. मी जोड घट्ट बसवला, वर काळी टेप गुंडाळली आणि चटई सारखी केली.

सकाळी गाडीत बसले. कॅमेरा बंदच असणार या खात्रीने आबा मागे जाऊन उभे राहिले. मी रिव्हर्स टाकला आणि स्क्रीनवर चित्र आलं.

आबा माझ्याकडे पाठ करून उभे होते. गाडीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. वाकलेल्या कमरेने, दोन्ही हात आडवे पसरून, ते पुढून येणाऱ्या कोणालातरी अडवत होते. पलीकडे गल्ली थेट रस्त्यापर्यंत रिकामी होती. एक हात खाली घेऊन त्यांनी 'सरका, बाजूला सरका' अशी खूण केली आणि पुन्हा पसरला. तोंडातली शिट्टी चालूच होती. तुटक, तुटक. येऊ दे, येऊ दे. आणि त्यांचे पाय लाल रेघेच्या आत होते.

मी ब्रेक दाबला. इतके दिवस मी ज्या शिट्टीवर गाडी मागे घेत होते, ती वाजवणारा माणूस गाडीकडे बघतच नव्हता.

खाली उतरले तर आबाच वैतागले. "का थांबवलीस? मी येव दे वाजवतोय ना?"

"आबा, तुमची गाडीकडे पाठ होती. गाडी अंगावर आली असती."

"गाडी तू बगतेस. मानसा कोन बगील?"

"कुठली माणसं? कोणी नाही इथे."

त्यांनी रिकाम्या गल्लीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी दिसणारी गोष्ट नाकारतेय असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. गाडीला हात टेकवून ते हळूहळू बोलू लागले. शिवथरकडची संध्याकाळची फेरी होती. शेवटचा थांबा. एकाचं तांदळाचं पोतं दारात अडकलं म्हणून आबा आतून ढकलत होते. ड्रायव्हरला घाई. त्याने शिट्टीची वाट न बघता बस मागे घेतली. नुकतीच उतरलेली एक म्हातारी बसमागे आपलं गाठोडं बांधत बसली होती.

"शिट्टी माज्या हातात होती, बाय," आबा म्हणाले. "तोंडात नव्हती."

पुढे ड्रायव्हरला घरी बसवलं. आबांना कोणी एक शब्द बोललं नाही. घरात त्यांनी हे कधीच सांगितलं नव्हतं, माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. तिथेच त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, पण सुनेने सासऱ्याच्या गळ्यात पडायची आमच्याकडे रीत नाही. मी फक्त त्यांची टोपी सारखी केली.

"आबा, आता कॅमेरा आहे," मी म्हटलं. "मला मागचं सगळं दिसतं. तुम्ही नका उभे राहू."

त्यांनी गाडीच्या दारातून आत वाकून स्क्रीनकडे बराच वेळ बघितलं. गल्ली, गटार, भिंत, रेघा.

"यात ती म्हातारी दिसते काय गो तुला?"

"नाही."

"मग?" आबा म्हणाले. त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि पुन्हा गाडीकडे पाठ करून हात पसरले.