घडीत ठेवलेली ओळ

बूटवाला संशयी होता आणि ते तो लपवतही नसे. चामडं विकणारा शपथ घेऊ लागला की हा चामडं वाकवून नाकाला लावायचा. डॉक्टरने पायाचं माप लिहून दिलं, तरी फीत काढून पुन्हा घ्यायचा. एक पाय आखूड असणाऱ्यांसाठी आतून टाच चढवलेले बूट शिवण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. पहिला जोड त्याने स्वतःच्या मुलीसाठी शिवला होता.

जावयाने दुकानाची वेबसाइट करून दिली. वर फोटो, पत्ता, वेळ. बूटवाल्याने चारदा खोडून लिहिलेला मजकूर मात्र 'अधिक वाचा' या पट्टीखाली. बोट लावलं तरच उघडायचा. त्याच्या मनात पाल चुकचुकली. जावयाला सासऱ्याच्या धंद्याची लाज वाटते, हे तो लग्नापासून धरून चालला होता.

"जावईबापू, माझं लिहिणं गोधडीखाली का निजवलंत?"

"फोनचा पडदा लहान असतो, बाबा. एवढं सगळं उघडं ठेवलं तर पान फारच लांबतं."

"मग शोधणाऱ्याला सापडणार कसं?"

"सर्च इंजिन बोट लावत बसत नाही. पानात आधीपासून असलेला मजकूर घडीत असला तरी वाचतं. बोट लावल्यावर मागाहून आणलेला असता, तर कदाचित वाचायचा राहिला असता."

उत्तर फारच तयार होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं. बूटवाला रोज सकाळी दुकान उघडलं की घडीतली आपली ओळ अवतरणचिन्हांत टाकून शोधायचा. काही यायचं नाही. "पान नवं आहे, नोंद व्हायला वेळ लागतो," जावई म्हणायचा. "लागू दे की," बूटवाला म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधायचा.

तिसऱ्या आठवड्यात ओळ आली. दुकानाच्या नावाखाली स्वच्छ दिसत होती: 'माझ्या मुलीचा डावा पाय पाऊण इंच आखूड आहे. माझे बूट घातल्यापासून ते कुणाला कळतही नाही.'

"सापडलं गं!" तो ओरडला. मुलगी मागच्या बाकावर अस्तर शिवत होती. उठून आली, वाचलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे झाकलेलंही बाहेर दिसतं?"

"दिसतं. तुझा नवरा खरं बोलत होता म्हणायचं."

"घडी त्यांनी नाही घातली, बाबा. मी घालायला लावली. म्हटलं, झाकली मूठ राहील."

बूटवाल्याने फोन खाली ठेवला. "पायाची लाज वाटते?"

"पायाची नाही. तुमच्या ओळीची. कळतं हो सगळ्यांना! शाळेत कळायचं, परवा बँकेच्या रांगेत कळलं. जिना उतरताना कंबर अशी धरते की मलाच कळतं. आणि तुम्ही जगाला सांगता, कळत नाही."

"मला कधी सांगितलं नाहीस ते."

"तुम्ही दर वर्षी किती हौसेने शिवता."

तीस वर्षं सगळ्या जगावर संशय घेतला. या एका पायावर कधी घेतला नव्हता. त्याने स्पीकर चालू करून जावयाला फोन लावला. "ओळ काढा."

"काढतो. पण सर्चमध्ये जुनी ओळ काही दिवस दिसत राहील, बाबा. सर्च इंजिन पान पुन्हा वाचेपर्यंत."

"मग बदला. लिहा, माझ्या मुलीचा डावा पाय आखूड आहे. माझ्या बुटांनी तिला चालणं सोपं जातं."

"थोडं सोपं," मुलगी मागून म्हणाली. "जिना उतरताना अजून दुखतं, तेही लिहा."

बूटवाल्याने ते तसंच सांगितलं.

"घडीत ठेवू, की उघडं?" जावयाने विचारलं.

बूटवाल्याने मुलीकडे पाहिलं.

"उघडं," ती म्हणाली. "पत्त्याच्याही वर." आणि अस्तराकडे वळली.

हे ती आपल्यासाठी बोलली की बापाचं मन राखायला, असा संशय त्याला आलाच. विचारायचं धाडस मात्र झालं नाही.