माशाचा उपास

आमच्याकडे माया ताटात मोजतात. त्यामुळे काचेच्या टाकीतल्या 'बेटा' जातीच्या माशालाही आई "घे रे, लाजू नकोस" म्हणत खाद्याच्या गोळ्या वाढत राहिली. शेवटी पोट फुगून तो आडवा तरंगू लागला, तेव्हा मी डबी काढून घेतली.

"आई, याचं पोट मुळात याच्या डोळ्याएवढंच असतं. आज याला उपास."

"मग भिजवलेला साबुदाणा टाकू का?" तिने काळजीने विचारलं.

त्या दिवशी संकष्टी होती. आम्ही खिचडी, रताळ्याचा कीस आणि वर दाण्याचे लाडू खाऊन कडक उपास केला. माशाने मात्र खरोखरच काही खाल्लं नाही.

सकाळी पाहतो तर स्वारी सरळ झालेली, निळे पर फुलवून काचेतल्या प्रतिबिंबावर चाल करून जात होती. आईने दोनच गोळ्या टाकल्या आणि हात जोडले. इतक्या वर्षांत आमच्या घरात उपास फळला, तो या एकट्याला.