बाईची उतरण

“आणि गेला बिचारा!” असं म्हणायचं, उजव्या हाताची चिमूट ओठांजवळ न्यायची आणि फूं करून फुंकर मारायची. आमच्या नर्सबाईंची कुठल्याही रस्त्याच्या नावाची गोष्ट अशी संपायची. त्या बिचाऱ्याचा जीव जणू बाईंच्या चिमटीतच असायचा.

तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल, आठवून बघा. जव्हारमधल्या कुठल्याही आळीचं नाव काढा, बाईंकडे गोष्ट तयार. घोड्याचा चढ का? तर संस्थानच्या काळात राजवाड्यातला एक लाडका घोडा तिथे बसला, पुढ्यात हरभरे ठेवले तरी उठेना. “आणि गेला बिचारा!” फूं. चिंचेच्या आळीत चिंच आहे, म्हणून ते नाव असेल असं मला वाटायचं. बाई म्हणाल्या, “चिंचा काय, सगळीकडे आहेत. त्या चिंचेवरून एक सावकार पडला.”

“सावकार कशाला चढेल हो चिंचेवर?”

“म्हणून तर पडला. सवय नव्हती.”

खरं-खोटं देव जाणे! पण त्यांचा सिद्धान्त पक्का होता. “नाव फुकट मिळत नाही गं. आधी कुणीतरी जावं लागतं.”

आमची पिठाची गिरणी बाईंच्या घरासमोर. नोकरीतून निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी त्या गिरणीच्या पायरीशी खुर्ची टाकून बसत. केस आधीच पांढरे, त्यावर आमचं पीठ. तरुणपणी खाली समुद्राकडच्या गावातून इथे आल्या आणि पाड्यापाड्यांवर चालत जाऊन बाळंतपणं केली. लग्न का नाही केलं, असं मी एकदा धीर करून विचारलं. “वेळ कुठे होता? दर वेळी दुसऱ्याचंच बाळ आडवं यायचं,” म्हणाल्या, आणि स्वतःच खो-खो हसल्या.

आमच्या गल्लीला मात्र नाव नव्हतं. ‘गिरणीसमोर’ एवढाच पत्ता. मग नगरपालिकेने गल्ल्यांना पाट्या लावायचं काढलं आणि गिरणीत सभा भरली. एकाला देवाचं नाव हवं, दुसऱ्याला पुढाऱ्याचं, तिसऱ्याला स्वतःच्या आजोबांचं! भांडणं हातघाईवर आली तेव्हा माझे यजमान म्हणाले, “अहो, या गल्लीतली निम्मी पोरं ज्यांच्या हातावर जन्मली, त्या समोर राहतात की!” मग टाळ्या. बाईंचं खरं नाव मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं, ते पोस्टमनला विचारावं लागलं.

बाईंना आश्चर्याचा धक्का द्यायचा ठरलं. तो बसलाच म्हणा! निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत आडनावासकट नाव आलं, नारळ फुटला, पेढे वाटले. बाई पाटीखाली उभ्या राहून दोनदा वाचत राहिल्या. चेहरा पिठासारखा झाला. पेढा हातातच ठेवून त्या घरात गेल्या आणि दार लावून घेतलं.

आम्हाला वाटलं, भरून आलं असेल. कसलं काय! दुसऱ्या दिवशी माझ्याकडे लोणच्याची बरणी आली. शेजारी तांब्याचा बंब गेला. मी धावत गेले तर बाई अंथरुणावर. अंगात कणकण, अन्नावरची वासना उडालेली. “कपाटात हिरवी साडी आहे,” म्हणाल्या, “मला तीच नेसवा.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, जन्मभर त्या सांगत आल्या होत्या, नाव लागायचं तर आधी कुणीतरी जावं लागतं. आणि आम्ही शहाण्यांनी त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्याच नावाची पाटी ठोकली होती!

“बाई, आत्ताच्या आत्ता काढतो पाटी,” मी म्हटलं.

“आता काढून काय होतंय? लिहिलं ते लिहिलं.”

डॉक्टर येऊन गेले. आजार काही नाही, पण खाल्लं नाही तर या वयात अवघड आहे, म्हणाले. भाताची पेज केली, मऊ खिचडी केली, सगळं तसंच परत आलं. मला आई लहानपणीच गेलेली. पायरीशी ती खुर्ची रिकामी बघून मी पिठाच्या डब्यामागे तोंड लपवून रडले, खोटं कशाला सांगू?

बाजाराच्या दिवशी साखरशेतकडच्या एका पाड्यावरून जानी नाचणी दळायला आली. ती नेहमीची. आधी बाईंच्या पायाशी बसायची, मग दळण. “बाय कुठं?” तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. जानी ऐकत होती, आणि ऐकता ऐकता पदर तोंडाला लावून हसायला लागली! मला असा राग आला म्हणून सांगू! पण ती नाचणीची पिशवी तिथेच टाकून समोर घरात शिरली, मी मागोमाग.

“बाय, पाटी लागली म्हणून कोणी मरं का?” ती खाटेशी उकिडवी बसली. “आमचे पाड्याचे वाटेला बायची उतरण म्हणतात. मी पोर होती तवापासून. तुमी कवा मेल्या?”

बाईंनी डोळे उघडले. “कुठली उतरण?”

“नाल्याकडची. माझा भाऊस झाला तवा पाऊस होता. तुमी वरून घसरत आल्या, पेटी पुढं नि तुमी मागं. आय अजून सांगं.”

बाई कोपरावर उठल्या. “अगं, मग मला कुणी सांगितलं नाही ते!”

“तुमाला काय सांगायचा? पडल्या तर तुमीच ना!”

आधी बाईंचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. “पेटीतली एक बाटली फुटली नव्हती हो,” मला म्हणाल्या. “एक नाही! आणि ती हिरवी साडी परत कपाटात ठेव. चहा टाक आधी, साखर घालून.”

हुश्श! मी आधी चहाच टाकला. त्या दिवशी जानीच्या दळणाचे पैसे कोण घेणार हो?

अंगात जोर आल्यावर बाईंनी जीप करायला लावली आणि ती उतरण बघून आल्या. लोणच्याची बरणीही परत मागितली. मी निम्मी संपवली होती, त्यावरून मला बोलणी बसली.

पुढे गुडघे अगदीच गेले, आणि भाची त्यांना नाशिकला घेऊन गेली. घराला कुलूप आहे. पाटी आहे. संध्याकाळी पायरीकडे माझी नजर जाते, काय करणार!

परवा जानीच्या घरी लग्नाला निघाले. जीपमध्ये एक म्हातारा नव्या मास्तरांना रस्ता दाखवत होता. उतरण आली तसा म्हणाला, “हिला बायची उतरण म्हणतात. नर्सबाय होती एक. हितं घसरली नि मेली.”

“मेली काय? चांगल्या ठणठणीत आहेत!” मी असं झापलं त्याला की ड्रायव्हरने मागे वळून बघितलं.

रात्रीपर्यंत कुठला धीर निघतोय? लग्नाच्या मांडवाबाहेरूनच बाईंना फोन लावला. सगळं सांगून टाकलं आणि मग जीभ चावली. कशाला बोलले मी? पुन्हा अंथरूण धरलं तर?

“घसरली नि मेली, असं म्हणाला?” बाईंनी हळूच विचारलं.

“हो. पण मी चांगलं सुनावलं त्याला.”

“कशाला सुनावलंस गं? मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, ठाऊक नाही? सांगू दे त्याला. दर बाजाराला सांगू दे.” मग जरा थांबून म्हणाल्या, “आणि गेली बिचारी!”

आणि माझ्या कानात, नाशिकहून, जोरात फुंकर आली.