तीन आगंतुक रेघा

गोळी पाण्यात किती वेळात विरघळते हे बघण्यात माझ्या तरुणपणाची बरीच वर्षं गेली. ठाण्याच्या एका औषध कंपनीत मी काचेच्या भांड्यांसमोर उभी असायचे. गोळी टाकायची, ढवळणारा दांडा सुरू करायचा आणि बघत बसायचं. एम.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास, आणि काम काय, तर गोळ्यांचं पोहणं बघणं. माझा नवरा डोंबिवलीत शेजाऱ्यांना ऐटीत सांगायचा, "ही रिसर्चमध्ये आहे." मी म्हणायचे, "रिसर्च कसला रे, मी तलावावरची लाइफगार्ड आहे. फरक एवढाच की माझ्याकडे आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक बुडायलाच हवं."

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर आमच्याकडे ते मशीन आलं. रेणूंचं वजन करणारं मशीन. तसं हे तंत्र जुनं होतं, पण ते फक्त सहज वाफ होणाऱ्या लहान रेणूंच्या कामाचं. प्रथिनाचं नाव काढलं की सगळे हात टेकायचे. कारण साधं आहे. अंड्याचा पांढरा बलक तापवला तर त्याची वाफ होत नाही, आमलेट होतं. आणि आमलेटाचं वजन करून रेणूबद्दल काही कळत नाही.

हा तिढा परदेशातल्या कुणी हुशार माणसांनी सोडवला होता. प्रथिन तापवायचंच नाही. ते द्रावात विरघळवायचं, केसाएवढ्या सुईतून ढकलायचं आणि सुईला काही हजार व्होल्टचा दाब द्यायचा. मग सुईच्या टोकातून फवारा निघतो. लग्नात दारात गुलाबपाणी शिंपडतात ना, तसा, फक्त त्याहून कितीतरी बारीक. थेंब वाटेतच सुकतात आणि प्रथिनाचा रेणू विजेचा भार घेऊन अलगद निर्वात नळीत शिरतो. तिथे त्याचं वजन होतं आणि पडद्यावर एक उभी रेघ उमटते. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा शब्दशः उडी मारली होती. डोळ्यांना कधी दिसणार नाही अशा गोष्टीला कुणीतरी तराजूत घातलं होतं.

हे मशीन आणलं आमच्या साहेबांनी. साहेब म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. नौपाड्यात राहायचे, तरुणपणी परदेशात शिकून आलेले, मराठी अगदी सदाशिव पेठी. कंपनी एका इंजेक्शनासाठी छोटंसं प्रथिन बनवत होती. ते शुद्ध आहे हे दाखवता आलं तर बाहेरच्या देशांत विकता येणार होतं. साहेबांनी वरच्यांशी भांडून मशीन मिळवलं आणि मग मला केबिनमध्ये बोलावलं.

"पावसाळ्याच्या आत संचालक मंडळी पाहणीला येतील," ते म्हणाले. "त्या दिवशी आपल्या प्रथिनाचा स्वच्छ आलेख तुम्ही काढून दाखवलात, तर मशीन तुमच्या ताब्यात. नाही जमलं, तर बाहेरून माणूस घ्यावा लागेल."

"आणि मी, सर?"

"तुम्ही पुन्हा गोळ्यांकडे."

मला ते मशीन हवं होतं. दागिन्यांसाठी, साड्यांसाठी मी कधी हट्ट केला नाही, पण त्या मशीनसमोरच्या फिरत्या खुर्चीसाठी मी कुणाशीही भांडले असते.

मशीन बसवायला परदेशातून एक गोरा इंजिनिअर आला होता. बसवून झाल्यावर साहजिकच पूजा झाली. दाराबाहेर नारळ फुटला, मशीनला झेंडूचा हार, दर्शनी भागावर हळदीकुंकवाची बोटं. अगरबत्ती पेटली तसा तो बिचारा "स्मोक, स्मोक" करत धावत आला, म्हणून ती विझवावी लागली. बाकी सगळ्याला मात्र तो हसून तयार झाला. कपाळाला कुंकू लावून, हातात पेढा घेऊन त्याने फोटोसुद्धा काढून घेतला. मग मला सुई साफ कशी करायची वगैरे दाखवलं आणि तो विमानात बसून गेला.

सुरुवातीचे दिवस झकास गेले. आणि मग एका सकाळी आलेखाच्या डाव्या टोकाला तीन रेघा उभ्या राहिल्या, प्रत्येकीपाशी तिच्या रेणूचं वजन. तीनशे एकोणसत्तर, तीनशे एकोणचाळीस, तीनशे नऊ. तिघींमध्ये नेमकं तीस-तीसचं अंतर. एकाच घरच्या बहिणी असाव्यात तशा ओळीने उभ्या. आमच्या प्रथिनाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. बोलावलं नाही, पाठवलं नाही, आपल्या आल्या आणि ठाण मांडून बसल्या.

मी नळ्या धुतल्या. सुई बदलली. मिथेनॉलने जे जे धुता येईल ते धुतलं. रेघा दुपारी जरा बुटक्या व्हायच्या आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा ताठ. परदेशी फोन लावला तर तो इंजिनिअर विचारतो, साबण आहे का? हँडक्रीम? पंपाचं तेल? प्लॅस्टिक? त्याला साबणाचे आकडे पाठ, तेलाचे पाठ, पण हे तीन आकडे त्याने उभ्या जन्मात पाहिले नव्हते. "व्हेरी इंटरेस्टिंग," तो म्हणाला. फोन ठेवल्यावर मी त्याला मराठीत जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

साहेब रोज येऊन आलेख बघायचे. एके दिवशी ते हळूच म्हणाले, "अहो, हात स्वच्छ धुता ना तुम्ही?"

मी त्या दिवशी जेवले नाही. रागाने नव्हे, खरं तर रागानेच.

पाहणी दोन दिवसांवर आली आणि नेमकी त्या संध्याकाळी माझ्या मैत्रिणीच्या भावाची हळद होती. ही मैत्रीण आमच्याच लॅबमध्ये, कळव्याची, कोळी घरातली. मी नाही म्हणत होते, तर ती म्हणाली, "त्या मशीनकडे बघत बसलीस तर रेघा लाजून जाणारेत का? चल गपचूप." गेले. खाडीकडच्या वस्तीत मांडव, बँजो, आणि सगळी आळी नाचतेय. मी एका कोपऱ्यात खुर्ची धरून बसलेली. मैत्रिणीच्या आईने मला पाहिलं.

"अगो बाय, अशी कोरडीच बसलीस? हलद नाय लावली तुला कोनी?"

असं म्हणून तिने दोन्ही पंजे भरून माझ्या तोंडाला, मानेला, हातांना हळद फासली. कोपरापर्यंत. नंतर मी काय नाचले म्हणता! मशीन, साहेब, रेघा, सगळं विसरून नाचले. घरी पोचले तेव्हा सासूबाईंनी दार उघडलं आणि क्षणभर मला ओळखलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खसाखसा हात धुऊन मी लॅबमध्ये गेले. आधी नुसता द्राव सोडून बघायचा, प्रथिनाशिवाय, ही रोजची रीत. तो मी नव्या कुपीत भरला, सोडला आणि पडद्याकडे बघतच राहिले. त्याच तिघी बहिणी, पण आज नेहमीच्या कितीतरी पट उंच. पार वरच्या कडेला डोकं टेकलेल्या.

मैत्रीण मागे उभी होती. "अगं, काय केलंस काय तू?" तिने विचारलं. मी माझ्या हातांकडे पाहिलं. नखांत, बोटांच्या पेरांत अजून पिवळं होतं.

मी धावत कँटीनमध्ये गेले. चिमूटभर हळद पुडीत बांधून आणली, मिथेनॉलमध्ये कालवली, गाळली, भरपूर पातळ केली आणि सोडली. तीनशे एकोणसत्तर, तीनशे एकोणचाळीस, तीनशे नऊ. हळदीचे तीन रंगीत रेणू असतात, सख्खे भाऊ असल्यासारखे, हे मी एम.एस्सी.ला पाठ केलं होतं. पाठ केलेलं वेळेवर आठवेल तर शपथ. बिचाऱ्या इंजिनिअरला कुठून माहीत असणार? त्याच्या देशात मशीनला हळद लावतं कोण?

आनंद फार टिकला नाही. कालची हळद माझी, मान्य. पण त्याआधीच्या रेघा कुणाच्या? मीही घरी फोडणी करतेच की. तेव्हा मी लिंबू लावून हात घासले, हातमोजे चढवले, आतला सगळा मार्ग धुऊन काढला आणि सीलबंद बाटली फोडून तिच्यातला द्राव सोडला. पडदा स्वच्छ. मग मशीनला जोडलेल्या बाटलीतला सोडला. बहिणी हजर. म्हणजे हळद त्या बाटलीत होती. आणि ती बाटली रोज सकाळी माझी बस यायच्या आत भरून ठेवलेली असायची. साहेब ती स्वतः भरायचे. एवढ्या महागड्या मशीनच्या द्रावाच्या बाबतीत त्यांचा दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता.

उद्या पाहणी, आणि माझी खुर्ची ज्यांच्या हातात, त्यांच्याच हाताबद्दल मला बोलायचं होतं.

पाहणीच्या दिवशी मी बसची वाट पाहिली नाही. भल्या सकाळी नवऱ्याला स्कूटर काढायला लावली. लॅबच्या दारातून पाहिलं तर साहेब पाठमोरे उभे. चपला बाहेर काढलेल्या. खिशातून लहानसा करंडा काढला, मशीनला हळदीचं बोट लावलं, कुंकवाचं लावलं, डोळे मिटून हात जोडले. मग त्याच बोटांनी जुन्या बाटलीतली नळी बाहेर काढली, तिच्या टोकाची जाळी चिमटीत धरली आणि नव्या बाटलीत सोडली. दर्शनी भागावरची ती बोटं मला पहिल्या पूजेचीच वाटत होती. ती रोजची होती.

"सर," मी म्हणाले. ते दचकले. चोरी करताना सापडावं तसा त्यांचा चेहरा झाला.

"आमचे वडील छापखान्यात होते," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "यंत्राला हळदकुंकू लावल्याशिवाय हात लावायचे नाहीत. तुम्ही मुलं हसाल म्हणून लवकर येतो. हे मशीन माझ्या शब्दावर आलंय हो. बंद पडलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही."

मला वाटलं, गप्प बसावं. पाहणी आजच होती. गप्प बसले असते तर रेघा राहिल्या असत्या आणि खापर माझ्या हातांवर फुटलं असतं. बोलले तर साहेबांच्या श्रद्धेलाच हात घातल्यासारखं. मग मी समजावणं सोडून दिलं. एक स्वच्छ कुपी घेतली, तिच्यात मिथेनॉलचे चार थेंब टाकले आणि म्हणाले, "सर, तुमचं बोट यात जरा बुडवता का?"

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बोट बुडवलं. मी तो द्राव सोडला. पडद्यावर तिघी उभ्या राहिल्या.

साहेब पडद्याजवळ वाकून एकेक आकडा वाचायला लागले. मी मनात गोळ्यांची भांडी विसळायला लागले होते. मग ते आपलं बोट डोळ्यांसमोर धरून एकदम हसायला लागले. इतके की चष्मा काढून पुसावा लागला.

"आणि मी तुम्हाला विचारत होतो, हात धुता का म्हणून," ते म्हणाले. "चुकलो हो मी."

पुढचा सगळा वेळ आम्ही दोघांनी धुण्यात घालवला. ते बाटल्या विसळत होते आणि मी नळ्या. करंडा मी त्यांना ठेवू दिला, फक्त दाराच्या बाहेर, चौकटीला हळद लावण्यापुरता. त्यांनी ते मुकाट्याने मान्य केलं. दुपारी आमच्या प्रथिनाच्या रेघा आल्या, आणि डावीकडे नुसती सपाट पांढरी जागा. मला ती पांढरी जागा बघून रडू यायचं बाकी होतं.

संचालक मंडळी चहा घेऊन चारच्या सुमारास आली. सफारी सूट, टाय, परफ्यूमचा वास. त्यांच्यातल्या मोठ्या साहेबांनी आलेख उलटसुलट पाहिले, मान डोलावली आणि आमच्या साहेबांना म्हणाले, "कागद छान आहेत. आता आमच्यासमोर एकदा चालवून दाखवा."

आमच्या साहेबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"मला नका सांगू," ते म्हणाले. "ह्या मशीनला हात लावायची मला परवानगी नाही."

"परवानगी? विभाग तुमचा, मशीन तुम्ही आणलंत. परवानगी कोण देणार तुम्हाला?"

"ह्या," साहेब माझ्याकडे वळून म्हणाले. "मशीन ह्यांचं आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या फिरत्या खुर्चीत मी बसले, हातमोजे चढवले. परफ्यूमचा वास अगदी खांद्याशी आला तशी मान वळवली, आणि जन्मात कुठल्याही साहेबाला म्हटलं नव्हतं ते मोठ्या साहेबांना म्हणाले, "सर, जरा मागे सरकून उभे राहा."